भिंतीवरचे बासष्ट

मावशींचं वजन भिंतीवर मी रंगवलं. पिवळा ऑइलपेंट, दोन बोटं जाडीची अक्षरं: मावशी ६२. आधी खडूने लिहायचो, पण कुत्र्यांच्या शेपट्या घासून ते पुसलं जायचं, आणि दर रविवारी कोणीतरी विचारायचं, मावशींचे किती धरायचे? मला एकच गोष्ट दोनदा सांगायचा भयंकर कंटाळा. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. "पुढे सरका" सोडलं तर कुठलीच गोष्ट मी दोनदा सांगितलेली नाही. म्हणून एका रविवारी घरात उरलेला रंग घेऊन गेलो आणि काम कायमचं करून टाकलं. सगळ्यांनी वाहवा केली. मावशीच तेवढ्या म्हणाल्या, "मास्तर, बाईचं वजन असं चव्हाट्यावर लिहितात का?"

कसलं वजन, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लॉन्ड्री होती, ती बंद पडली. मालकाने भाडेकरू मिळेपर्यंत म्हणून रविवारी सकाळची जागा एका डॉक्टरीणबाईंना दिली. भाडेकरू काही मिळाला नाही, बाई मात्र टिकल्या. जनावरांच्या डॉक्टर. आठवडाभर दुसऱ्या एका चकचकीत दवाखान्यात नोकरी करायच्या आणि रविवारी इथे, ज्यांचं पोट हातावर आहे अशा माणसांची कुत्री-मांजरं तपासायच्या. इस्त्रीचं लांबलचक टेबल तपासायला. कपड्यांवर बांधायचे पितळी बिल्ले रांगेचे नंबर म्हणून. ज्याला जे जमेल ते त्याने दारातल्या डब्यात टाकावं, न जमल्यास नुसतं आत यावं. गोळ्या कुठून कुठून मागून आणलेल्या. उरल्या तर लोकांनी परत आणून द्यायच्या, दुसऱ्या कुणाला लागतील म्हणून. हा तिथला नियमच होता, आणि लोक तो पाळायचे.

मी तिथे गेलो तो भांडायला. रांग माझ्या दारापर्यंत यायची आणि एका बोकडाने माझ्या कुंड्या साफ केल्या होत्या. अर्धा तास मी तोंडसुख घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज फार छान आहे. रांग लावाल का?" झालं. त्या दिवसापासून दारावर मी, बिल्ले माझ्याकडे, आणि प्रत्येक जनावराचं कार्डही माझ्याकडे. सगळे मला मास्तर म्हणू लागले.

मावशी माझ्याही आधीपासूनच्या. मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्या तीस वर्षं आया होत्या. जन्मलेलं पोर पुसायचं, गुंडाळायचं आणि तोलायचं हे त्यांचं काम. त्यामुळे अर्धी रांग त्यांच्या हाताखालून गेलेली. एखादा दांडगा बाप्या दारात आवाज चढवू लागला की मावशी आतून म्हणायच्या, "हा होय? हा पावणेदोन किलोचा होता. जगतोय की नाही अशी पैज लागली होती. आता बघा." मग तो बाप्या गुपचूप बिल्ला घेऊन बसायचा. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा लांबच्या शहरात. तो फोन करायचा रविवारी, म्हणजे नेमका ज्या दिवशी त्या घरी नसायच्या. मी एकदा म्हटलं, त्याला शनिवारी करायला सांगा की. तर म्हणाल्या, "रविवारी उचलला नाही तर त्याला वाटतं आई कुठेतरी फिरायला गेली. वाटू दे."

औषध वजनावर ठरतं. आणि कुत्रं काही काट्यावर उभं राहत नाही. कुणीतरी दिलेला, माणसांचं वजन करायचा घरगुती काटा आमच्याकडे होता. त्यावर कुत्र्याला ठेवलं की दोन पाय वर, दोन जमिनीवर. पहिल्याच रविवारी मावशींनी एक थरथरणारं कुत्रं उचललं, छातीशी धरलं, स्वतः काट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "वाचा." मग कुत्रं खाली ठेवून एकट्या उभ्या राहिल्या. बासष्ट. वजा केलं, झालं काम. मांजरांसाठी पिशवी आणि ताणकाटा होता, कपडे टांगायच्या दांडीला अडकवलेला. कुत्री मात्र मावशींची.

त्यांची उचलायची एक पद्धत होती. उजवा हात मागच्या पायांखाली, डावा छातीवर पसरलेला, आणि हनुवटी कुत्र्याच्या डोक्यावर. मग त्या सावकाश श्वास घ्यायच्या. बोलायच्या नाहीत, कुरवाळायच्या नाहीत, नुसत्या श्वास घ्यायच्या. मालकालाही चावणारी कुत्री त्यांच्याजवळ गप्प व्हायची. मी समोरून काटा वाचायचो, "एक्याऐंशी, एकोणीस," आणि कार्डावर लिहायचो. कागद नाही, बोटं मोडणं नाही. वजाबाकी तोंडी. चालत्या बसमध्ये साठ माणसांचा हिशेब उभ्याउभ्या केलाय मी, मला काय त्याचं. आकड्यात मी चुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. सारखं सांगायचो, खरं तर.

आता बटाट्याकडे येतो.

बटाट्या म्हणजे मातकट रंगाचा, केसाळ, आखूड पायांचा कुत्रा. त्याला घेऊन येणारी बाई पाच इमारतींचे जिने पुसायची, म्हणून माझ्या लेखी ती जिनेवाली. घरात ती आणि तिचे सासरे. नवरा कामासाठी म्हणून जो गेला तो गेलाच. सासऱ्यांची नजर गेलेली आणि डोक्यातही थोडा गोंधळ. सकाळी ही कामावर निघाली की म्हातारबा आणि बटाट्या दोघंच घरी. बटाट्या त्यांच्या पावलांवर बसायचा, अगदी वजन टाकून, आणि तो बसलाय म्हणून म्हातारबा बसायचे. नाहीतर उठून दाराबाहेर, रस्त्यावर, कुठेही. एकदा दोन दिवसांनी सापडले होते.

या बटाट्याला फिट यायची. हातपाय ताठ, तोंडाला फेस. म्हातारबा आवाजावरून धावायचे, त्याला मिठी मारून धरायचे, आणि एकदा तसेच पडून मनगट मोडून घेतलं. घरमालकाने सांगितलं, हे परत झालं तर कुत्रं घरात नको. जिनेवाली पहिल्यांदा आली तेव्हा डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "याच्या फिट थांबल्या पाहिजेत. हा गेला तर बाबा बसणार नाहीत, आणि बाबा बसले नाहीत तर मी कामाला जाऊ शकणार नाही. बाकी मला काही नको." एवढंच बोलली. कुठलाही आव नाही, रडणं नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. वर्षभर एकही नाही. मावशींना फार आनंद झाला होता. दर महिन्याला बटाट्या यायचा, त्यांच्या अंगावर चढायचा, मी वाचायचो, "ऐंशी, अठरा."

मग गेल्या वर्षी वजन उतरू लागलं. साडेसतरा, सतरा. डॉक्टरीणबाईंनी बटाट्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाताला तर बारीक लागत नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, हात चुकतो. आकडा चुकत नाही." पुढच्या महिन्यात साडेसोळा. आणि एकट्या बटाट्याचंच नाही. नेहमीची सगळी कुत्री थोडी थोडी उतरत होती. आम्ही कारणही शोधून काढलं. खोके बनवायचा कारखाना तेव्हा नुकताच बंद पडला होता. माणसांच्याच ताटात अर्धं, तर कुत्र्याला कुठून? इतकं सरळ कारण समोर असल्यावर दुसरं कोण शोधतो. आम्ही हळहळलो. मावशी तर कुणाकुणासाठी घरून डबा आणू लागल्या.

मी मात्र हळहळून थांबलो नाही. माझी जीभच तशी. सोळा भरला त्या रविवारी मी जिनेवालीला सगळ्यांसमोर म्हटलं, "काय हो, याला खायला घालता का नुसत्या गोळ्याच?" ती खाली बघत म्हणाली, "घालतो हो. आमच्यातलंच घालतो." मी म्हटलं, "मग आकडा काय खोटं बोलतो?"

डॉक्टरीणबाईंना वेगळीच भीती. या गोळ्या बरेच दिवस चालल्या की कुणाकुणाच्या लिव्हरला सोसत नाहीत, आणि जनावर आतून खंगतं. रक्त तपासलं तर कळेल, पण ते यंत्र आमच्याकडे नाही आणि बाहेर तपासणं जिनेवालीच्या आवाक्यातलं नाही. वजन तर दर महिन्याला उतरतंय. शेवटी त्यांनी गोळी कमी केली. पाऊण. दोन महिन्यांनी चौदा भरला तेव्हा अर्धी. करताना त्या कितीतरी वेळ कार्डाकडे बघत होत्या. माझं अक्षर चांगलं आहे. आकडे एकाखाली एक, सरळ.

याच काळात मावशी एप्रनच्या नाड्या पाठीमागून पुढे आणून पोटावर गाठ मारू लागल्या होत्या. मी चेष्टा केली, "मावशी, सोळाव्या वर्षात परत जायचा विचार आहे का?" त्या म्हणाल्या, "स्थळ बघून ठेवा." कुत्रं उचलताना त्या आता आधी टेबलाला टेकायच्या. मोठं असलं तर मालकाने उचलून त्यांच्या हातात द्यायचं. वय झालं, म्हणायच्या. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, मीही तेच म्हटलं असतं.

आणि एकदा, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, एकदा काट्यावर पाय ठेवताना त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं एकटीचं परत एकदा बघू या का? बरेच दिवस झाले." बाहेर तेवीस बिल्ले गेले होते. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मावशी, रांग बघा. तुमचं वजन कुठे पळून चाललंय? भिंतीवर आहे की. चला, पुढे सरका." त्या हसल्या आणि पुढचं कुत्रं घेतलं.

अर्धी गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या रविवारी, साडेदहाच्या सुमारास, रांग फोडून एक हमाल आत शिरला. त्याच्या दोन्ही हातांवर बटाट्या. मागून जिनेवाली, चपला हातात. पहाटेपासून फिट येत होत्या, एक ओसरेपर्यंत दुसरी. रिक्षावाला घेईना म्हणून शेजारच्या या हमालाने उचलून पळत आणला होता.

"वजन?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी कार्ड तयारच ठेवलं होतं. "चौदा."

त्यांनी इंजेक्शन दिलं. थांबलो. फिट ओसरेना. थोडं आणखी दिलं. बटाट्याचे पाय टेबलावर आपटत होते, आणि त्या लॉन्ड्रीच्या पत्र्याच्या टेबलाचा आवाज सगळ्या गल्लीत जात होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चौदा किलोला एवढंच देता येतं. याच्यापुढे गेले तर श्वास थांबेल."

तेव्हा तो हमाल म्हणाला, "चौदा कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," मी म्हणालो.

"काका, मी दिवसभर पोती वाहतो. वीसच्या पोत्याला आणि याला फारसा फरक नाही."

आणि मी त्याच्याशी भांडलो. टेबलावर जीव तडफडतोय आणि मी भांडलो. कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं, महिनेच्या महिने वाचून दाखवले, बत्तीस वर्षं काढली, पोती आणि हिशेब यातला फरक सांगितला. मला अजून कळत नाही त्यात किती वेळ गेला. मावशीच मध्ये पडल्या. "भांडू नका. काट्यावर घ्या त्याला."

हमाल बटाट्याला घेऊन चढला. शहाऐंशी. बटाट्याला परत टेबलावर ठेवून एकटा उभा राहिला. सदुसष्ट. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एकोणीस." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, पुढचं औषध भरलं आणि दिलं. थोड्या वेळाने टेबलाचा आवाज थांबला.

काटा बिघडला असणार, मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. मीच काट्यावर चढलो. गुरुवारीच औषधाच्या दुकानात वजन केलं होतं, एकाहत्तर. इथेही एकाहत्तर. काटा ठणठणीत होता.

मी मागे वळलो तर मावशी भिंतीकडे बघत होत्या, माझ्या त्या पिवळ्या अक्षरांकडे. मग त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. मला वाचायचं नव्हतं. पण सवय वाईट. "सत्तावन्न," मी म्हणालो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली आहे. सगळ्या गल्लीची कुत्री खंगताहेत म्हणून आम्ही कारखान्याला दोष दिला, गोरगरिबांना टोचून बोललो, आणि खंगत होती ती आमच्यासमोर काट्यावर उभी होती. बटाट्या बारीक झालाच नव्हता. माझ्या बोलण्यानंतर त्याला घरात जास्तच खायला मिळत होतं, तो एक किलोने वाढला होता. एकोणीस किलोच्या कुत्र्याला आम्ही चौदाची भीती धरून अर्ध्या गोळीवर ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मावशींना खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात काहीबाही विचारलं. जेवण जातं का, पोटात दुखतं का. मावशी म्हणाल्या, "आधी त्याचं बघा." मग म्हणाल्या, "जरा दुखतं. पित्ताने पोळलं असावं आतून." डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर, पण त्यांचा चेहरा मला वाचता आला. चेहरे वाचणं हा माझा धंदाच होता, विनातिकीट कोण आहे ते मला चेहऱ्यावरून कळायचं. एवढे चेहरे वाचले आणि आठ महिने समोर असलेला एक वाचता आला नाही.

सोमवारी मी मावशींना त्यांच्याच जुन्या इस्पितळात घेऊन गेलो. नको नको म्हणत होत्या, पण मी आवाज चढवला. तिथे जुन्या ओळखी निघाल्या, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर कॉट मिळाली. तपासण्या झाल्या. मुलाला मी फोन केला. तो म्हणाला, "पण आई तर रविवारी फिरायला जाते ना?" मी त्याला वॉर्डाचा नंबर सांगितला.

बुधवारी सकाळी बटाट्या गेला. फिट थांबली होती, पण त्यानंतर तो उभाच राहिला नाही. हे मला डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "चूक माझी आहे." त्या म्हणाल्या, "माझा हात मला सांगत होता, काका. मीच ऐकलं नाही." दोघांनीही फोन लवकर ठेवला.

गुरुवारी इस्पितळातले मोठे डॉक्टर आले. मावशींना विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? मावशी म्हणाल्या, "मला काय ठाऊक. उतरलं हेच रविवारी कळलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, घरचा माणूस समजून. "अंदाजे तरी? हे कळलं तर बरं पडेल."

मी खिशातून बटाट्याचं कार्ड काढलं. रविवारपासून ते माझ्याच खिशात होतं.

डॉक्टरांनी उलटसुलट करून बघितलं. "हे कुत्र्याचं आहे."

"हो," मी म्हणालो. "पण वजन यांचं आहे."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. कुत्र्याला अठरा-एकोणीस धरा. साडेसतरा लिहिलंय तिथे मावशी साडेएकसष्टच्या आसपास. सोळा आहे तिथे साठाच्याही खाली. चौदा म्हणजे सत्तावन्न. प्रत्येक महिना आहे, तारीख आहे, खाडाखोड नाही. मावशींचं दुखणं सुरू झाल्यापासूनचा एकेक टप्पा मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवला होता आणि खाली रेघ मारली होती. डॉक्टर वरच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "इथे आला असतात तर..." आणि कार्ड मला परत दिलं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला बाकीचं सांगितलं. आता कापून काढण्यासारखं राहिलेलं नव्हतं. दुखू नये एवढं ते बघणार होते.

पुढच्या रविवारी मी दार उघडलं. रांग होतीच, रांगेला कुठे काय माहीत. चौथा बिल्ला जिनेवालीने घेतला. हातात कुत्रं नव्हतं, कागदाची पुडी होती. नंबर येईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मी दोनदा म्हटलं, तुम्ही या आधी. ती म्हणाली, असू दे. नंबर आल्यावर टेबलावर पुडी ठेवली. "गोळ्या उरल्यात. कुणाला तरी लागतील."

मी तिला सगळं सांगितलं. भिंतीवरचा आकडा, मावशींनी विचारलेलं, मी रांग दाखवलेली, सगळं. म्हटलं, मला बोला काय बोलायचं ते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो बारीक झालाच नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुम्ही त्या दिवशी बोललात ना, तेव्हापासून बाबा आपल्या ताटातलं त्याला घालायचे. मी बाबांवर ओरडायचे, तुम्ही उपाशी राहता आणि याच्या अंगाला काही लागत नाही म्हणून." मग म्हणाली, "लागत होतं तर."

"बाबा कसे आहेत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"उठतात आणि जायला बघतात. मी बाहेरून कडी लावून जाते. दार वाजवत बसतात, असं शेजारचे सांगतात." तिने बिल्ला माझ्या हातात दिला, "मावशींना सांगा, मी विचारलं," आणि निघाली. अकरा वाजायच्या आत तिला अजून दोन जिने पुसायचे होते. मी दारात उभा राहिलो.

त्या दिवशी कुत्री मी उचलली. आधी एकटा उभा राहायचो, मोठ्याने वाचायचो, मग कुत्र्यासकट. प्रत्येक वेळी, एकोणीस कुत्र्यांना एकोणीस वेळा. रांग कुरकुरली, कुरकुरू दिली. कुत्री माझ्याकडे शांत राहत नाहीत. मीही सावकाश श्वास घेऊन बघितला, पण त्यांना कळतं. दोन चावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंतीवरचं ते पुसून टाकू या का? मी खरवडायला घेतलं. ऑइलपेंट आहे, निघत नाही.

सोमवारी मावशींकडे गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. खालच्या मजल्यावर कुठलंतरी नवं पोर रडत होतं. मावशी म्हणाल्या, "तीन किलोच्या वर असणार, आवाज बघा." मग त्यांनी रविवारचं विचारलं. कोण आलं, कोणाचं काय. मी सांगत गेलो. काळं मांजर, तो बोकड, कान फाटलेला तो लंगडा. सांगण्यासारखं संपलं तरी मी बोलत राहिलो, पण बत्तीस वर्षं कंडक्टर असलेल्याच्या बोलण्याला मावशी भुलणाऱ्या नव्हत्या.

"बटाट्या आला होता?"

बुधवारचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नर्सबाईंना मीच बजावून ठेवलं होतं, आणि तेव्हा मला वाटलं होतं की सांगायचं ते मी सांगेन.

"मला हाताला जड लागायचा हो तो," मावशी म्हणाल्या. "दर महिन्याला जास्तच. तुम्ही म्हणायचात हलका झाला, म्हणून मी म्हटलं, माझंच वय झालं. किती भरला?"

आयुष्यात मी आकडा कधी खोटा सांगितला नाही. चुकला असेन, पण खोटा सांगितला नाही.

"एकोणीस," मी म्हणालो.

"तुम्ही उचललात?"

"मीच."

"आणि आधी एकटे उभे राहिलात ना?"

"राहिलो, मावशी."

"हं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. हात पांघरुणावर होते, उजवा खाली, डावा वर पसरलेला. मी तिथे बसून राहिलो. मग नर्सबाई आली आणि म्हणाली, भेटायची वेळ संपली, चला.